जंगल, गायरान आणि तलावाकडे जाणाऱ्या वाटेसाठी शासकीय निधी : विदर्भातील ग्रामसभेने प्रस्ताव कसा तयार करावा

विदर्भातील पुष्कळ गावांपर्यंत आज डांबरी रस्ता पोहोचलेला आहे. परंतु गावापासून जंगलाच्या हद्दीपर्यंत, माजी मालगुजारी (जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातील) तलावाच्या पाळीपर्यंत किंवा चराईच्या जागेपर्यंत जाणारी वाट पहिल्या मोठ्या पावसातच बंद पडते. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, त्यानंतर बांबू आणि तलावातील मासळी, अशा क्रमाने ज्या कुटुंबांचे वर्ष चालते, त्यांच्यासाठी ही वाट गावच्या मुख्य रस्त्याइतकीच महत्त्वाची असते. या वाटेसाठी मागता येईल असा निधी एका नव्हे, अनेक लेखाशीर्षांत (शासकीय अर्थसंकल्पातील खर्चाच्या शीर्षांत) उपलब्ध असतो. तरीही गावांचे प्रस्ताव परत येतात आणि त्याचे कारण बहुतेक वेळा पैशाची टंचाई हे नसून जमिनीची नोंद हे असते. म्हणून या मार्गदर्शिकेत योजनांच्या आधी जमिनीचा विचार केला आहे आणि वाचकांनीही काम त्याच क्रमाने करावे, अशी विनंती आहे.

जमीन कोणाची, हे आधी कागदावर ठरवा

भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयातून गाव नकाशाची प्रत घ्यावी. नकाशात दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला मार्ग हा ग्रामीण गाडीमार्ग असतो आणि त्याची रुंदी साधारणपणे साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, ज्याची रुंदी सव्वाआठ फूट असते. आपली वाट नकाशावर गाडीमार्ग म्हणून असेल, तर अर्धे काम तेथेच झाले, कारण मग रस्त्यासाठी नवी जमीन मागावी लागत नाही, केवळ अतिक्रमण दूर करून तोच मार्ग मोकळा करावा लागतो. शेजारच्या शेतकऱ्याने वाट अडवली असल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते.

यानंतर तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आणि बीटचे वनरक्षक या दोघांनाही सोबत घेऊन वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी पाहावी. प्रत्येक टप्प्याची लांबी, गट क्रमांक किंवा वनकक्ष क्रमांक, सातबाऱ्यावरील नोंद, सध्याची रुंदी, वाटेत येणारी झाडे आणि आडवे येणारे नाले वहीत लिहून घ्यावेत. ही वही पुढे अंदाजपत्रकाचा आणि वन विभागाच्या अर्जाचाही आधार होते. ज्या गावांनी ती मनापासून भरली आहे, त्यांच्या अर्जात शाखा अभियंत्याला त्रुटी काढायला फारशी जागा राहत नाही.

पूर्व विदर्भातील वाचकांनी येथे एका नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत सातबाऱ्यावर ‘सरकार’ असे नाव आणि खाली ‘झुडपी जंगल’ असा उल्लेख असलेल्या हजारो हेक्टर जमिनी आहेत. दिसायला ती पडीक महसुली जमीन वाटते, त्यावर गुरे चरतात, काही ठिकाणी शाळा आणि स्मशानभूमीही आहे. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 च्या निकालात झुडपी जंगल ही वनजमीनच मानावी लागेल, असे स्पष्ट केले आहे. त्यामुळे वाटेचा दोनशे मीटरचा तुकडा जरी झुडपी जंगलातून जात असेल, तरी वन संरक्षण अधिनियम, 1980 तेथे लागू होतो आणि ग्रामपंचायतीच्या ठरावावर विसंबून मुरूम टाकणे हे त्या कायद्याचे उल्लंघन ठरते. गायरानाच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. सार्वजनिक रस्त्यासाठी त्याचा वापर करावयाचा असल्यास तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी आणि निस्तार पत्रकात (गावाच्या सामायिक वापराच्या हक्कांच्या नोंदीत) त्या जागेविषयी काय लिहिले आहे, याची प्रत जोडावी.

वनजमिनीतून जाणारा रस्ता आणि वनहक्क कायद्याचे कलम 3(2)

वनजमीन म्हटले की दिल्लीपर्यंत जावे लागेल, असा एक समज गावोगावी पसरलेला आहे. मोठ्या प्रकल्पांसाठी तो बऱ्याच अंशी खरा असला, तरी गावाच्या लहान रस्त्यासाठी वनहक्क कायदा, 2006 ने फार जवळचा मार्ग दिला आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही, याचे मनापासून वाईट वाटते. या कायद्याच्या कलम 3(2) मध्ये शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पाणीपुरवठा, तलाव अशा तेरा सुविधांची यादी आहे आणि रस्ता ही त्यांपैकी एक आहे. अटी अशा की सुविधा शासनाने चालवलेली असावी, प्रत्येक प्रकरणी लागणारी वनजमीन एक हेक्टरपेक्षा कमी असावी, तोडावी लागणारी झाडे हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा अधिक नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस असावी.

हा हिशेब प्रत्यक्ष मांडून पाहावा. समजा, वनजमिनीतील टप्पा 900 मीटर लांब आहे आणि कडेच्या नालीसह सहा मीटर रुंदी लागते; तर क्षेत्र 5,400 चौरस मीटर, म्हणजे 0.54 हेक्टर होते आणि झाडांची मर्यादा चाळीसवर येते. रुंदी सहा मीटर ठेवली, तर सुमारे 1,650 मीटर लांबीपर्यंतचा रस्ता एक हेक्टरच्या आत बसतो. त्याहून लांब रस्त्याचे कागदोपत्री तुकडे करून प्रत्येक तुकडा एक हेक्टरखाली दाखवण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो स्वीकारू नये, कारण अशा प्रकरणावर हरकत आली की मंजूर झालेले कामही अर्ध्यावर थांबते. लांबी जास्त असेल, तर वन मंजुरीसाठीच्या केंद्र शासनाच्या परिवेश पोर्टलवरून रीतसर प्रस्ताव पाठवावा, अथवा रुंदी कमी करता येते का, हे पाहावे. तेंदूच्या फळीपर्यंत (तेंदूपत्ता गोळा करण्याच्या केंद्रापर्यंत) एक ट्रॅक्टर किंवा लहान ट्रक जाण्यासाठी दोन वाहने शेजारून जातील इतक्या रुंदीची गरज नसते. ठरावीक अंतरावर वाहनाला बाजूला घेण्याची जागा ठेवली की पुरते.

कलम 3(2) चा अर्ज रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेने, म्हणजे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाने, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. जागेची पाहणी होऊन प्रकरण उपवनसंरक्षकांकडे जाते आणि तेथे मतभेद झाल्यास जिल्हास्तरीय समिती निर्णय देते. ग्रामसभेची शिफारस घेताना गणपूर्तीकडे दुर्लक्ष करू नये. वनहक्क नियमांप्रमाणे निम्मे सदस्य उपस्थित असणे आणि उपस्थितांपैकी किमान एक-तृतीयांश महिला असणे आवश्यक आहे; सह्या व अंगठे ठरावाच्या वहीतच घ्यावेत. ठरावाची भाषा नेमकी असावी : ‘मौजा अमुक येथील गट क्रमांक अमुकपासून वनकक्ष क्रमांक अमुकमधील तेंदू फळीपर्यंत जाणाऱ्या, 900 मीटर लांब व 6 मीटर रुंद रस्त्यासाठी 0.54 हेक्टर वनजमीन वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) खाली वळती करण्यास ही ग्रामसभा शिफारस करीत आहे.’ ‘गावाला रस्ता मिळावा’ एवढेच लिहिलेला ठराव कोणत्याही टेबलावर उपयोगी पडत नाही.

वाट जुनी असेल, तर तिचा पुरावा जरूर शोधावा. वन संरक्षण अधिनियम 25 ऑक्टोबर 1980 रोजी लागू झाला. त्याआधीच्या नकाशात किंवा वन विभागाच्या नोंदीत तो रस्ता दिसत असेल, तर त्याच रुंदीत, झाड न तोडता करावयाच्या दुरुस्तीची चर्चा नव्या रस्त्यापेक्षा पुष्कळ सोपी होते.

पैसा कोठून मागावा

येथे सर्वांत आधी विचारावयाचा प्रश्न असा की रस्त्याला क्रमांक आहे काय. जिल्हा परिषदेच्या 3054 (दुरुस्ती व मजबुतीकरण) किंवा 5054 (नवे बांधकाम) या लेखाशीर्षांतून पैसा हवा असेल, तर रस्ता ग्रामीण मार्ग किंवा इतर जिल्हा मार्ग म्हणून नोंदलेला असावा लागतो. जंगलाकडे जाणाऱ्या वाटा बहुधा योजनाबाह्य, म्हणजे अशी नोंद नसलेल्या, असतात. म्हणून निधी मागण्याआधी रस्त्याला ग्रामीण मार्गाचा दर्जा व क्रमांक देण्याचा प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे द्यावा. 2515 या ग्रामविकासाच्या लेखाशीर्षातून लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने मूलभूत सुविधांची कामे होतात. लहान मोरी किंवा रपट्यासाठी (नाल्यावरील ठेंगण्या फरशी पुलासाठी) तो मार्ग जवळचा ठरतो.

अनुसूचित क्षेत्रातील, म्हणजे गडचिरोलीच्या बहुतांश भागातील, मेळघाटातील आणि चंद्रपूर व यवतमाळच्या काही भागांतील गावांना याखेरीज दोन दारे उघडी आहेत. पेसा (अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींचा कायदा) लागू असलेल्या ग्रामपंचायतींना आदिवासी घटक कार्यक्रमातील पाच टक्के अबंध निधी 2015 पासून थेट मिळतो आणि पायाभूत सुविधा व वनहक्कांची अंमलबजावणी हे दोन्ही त्याचे मान्य उपयोग आहेत. तर ठक्कर बाप्पा आदिवासी वस्ती सुधार योजनेतून वस्तीला जोडणारा रस्ता एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयामार्फत मागता येतो. कोलाम आणि माडिया गोंड समाजाच्या शंभर व त्याहून अधिक लोकसंख्येच्या वस्त्यांसाठी 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात रस्त्यांची स्वतंत्र तरतूद आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या चौथ्या टप्प्यात 2011 च्या जनगणनेनुसार सपाट भागात 500, पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रांत व आकांक्षित जिल्ह्यांत 250 आणि नक्षलप्रभावित जिल्ह्यांत 100 लोकसंख्येची न जोडलेली वस्ती पात्र आहे. मात्र ही योजना वस्ती जोडण्यासाठी आहे, जंगलापर्यंतच्या वाटेसाठी नाही. टोला (लहान वस्ती) जंगलाच्या कडेला असेल, तरच दोन्ही हेतू एका रस्त्यात साधतात.

खाणपट्ट्यातील गावांनी जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीकडे पाहावे. 2024 च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार किमान 70 टक्के रक्कम पाणी, आरोग्य, शिक्षण यांसारख्या उच्च प्राधान्याच्या बाबींवर खर्च करावयाची असते आणि रस्ते-पुलांचा हिस्सा उरलेल्या भागातून येतो. परंतु खाणीच्या ट्रकांनी गावची वाट खराब झाली असेल, तर या निधीवर गावाचा दावा भक्कम असतो. वाट एखाद्या देवस्थानाकडे किंवा पर्यटनस्थळाकडे जात असेल, तर जिल्हा नियोजन समितीकडून ‘क’ वर्ग दर्जा घेतल्यावर जिल्हा वार्षिक योजनेतून निधी मिळू शकतो. मार्कंडासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकाजवळ मात्र पहिल्या 100 मीटरमध्ये बांधकामास मनाई असते व त्यापुढील 200 मीटरमध्ये पूर्वपरवानगी लागते, हे ध्यानात ठेवावे. पांदण रस्त्यांसाठी रोजगार हमीशी जोडलेल्या योजनाही आहेत. त्यांचे नियम वारंवार बदलत असल्याने चालू वर्षाचा शासन निर्णय पंचायत समितीत पाहूनच अर्ज करावा.

काय मागावे आणि किती

माझे स्पष्ट मत असे आहे की जंगलाकडे जाणाऱ्या वाटेवर डांबर मागू नये. तीन किलोमीटरच्या वाटेवर पावसाळ्यात अडथळा बहुधा दोन-तीन नाल्यांचाच असतो. तेथे पाइप मोरी किंवा रपटा, उताराच्या जागी खडीकरण आणि उरलेल्या लांबीवर कठीण मुरूम व दोन्ही कडांना नाली, एवढे झाले तरी वाट वर्षभर चालते. यामुळे अंदाजपत्रक लहान होते, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता जवळच्या स्तरावर मिळते आणि दुसरी, माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे वाहनांचा वेग आपोआप मर्यादित राहतो. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर किंवा नवेगाव-नागझिरा यांच्या बफरमधील वाटेवर रात्री भरधाव जाणारे वाहन हे वाघ, चितळ आणि माणूस या तिघांनाही धोक्याचे असते. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 वर वन्यप्राण्यांसाठी लांब भुयारी मार्ग बांधावे लागले, ते चौपदरी झालेल्या महामार्गावर वाहने वेगाने धावणार होती म्हणून. गावच्या वाटेवर ती वेळच येऊ देऊ नये. रात्री बंद राहणारे फाटक आणि त्याची किल्ली वनहक्क व्यवस्थापन समितीकडे, असा मुद्दा प्रस्तावातच लिहिला, तर वन विभागाची अर्धी शंका तेथेच मिटते. वाट अभयारण्यात किंवा व्याघ्रप्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात शिरत असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 ची परवानगी स्वतंत्र लागते; अशा वेळी अंदाजपत्रकावर खर्च करण्याआधी वन्यजीव विभागाला लेखी विचारावे.

प्रस्तावात गरज आकड्यांनी दाखवावी. या वाटेने किती कुटुंबे तेंदू व मोह गोळा करण्यास जातात, गेल्या हंगामात किती माल उचलला गेला, पावसाळ्यात वाट किती दिवस बंद होती, याची नोंद समितीच्या वहीत असतेच. ज्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, त्याने हक्कपत्राची प्रत जोडावी. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये 1,800 हेक्टरांहून अधिक जंगलावर असा हक्क मिळाला. परंतु बांबूचा ट्रक आत पोहोचू शकत नसेल, तर विक्रीचा हक्क असूनही भाव व्यापारी ठरवतो, ही बाब जिल्हा नियोजन समितीपुढे सांगण्यासारखी आहे.

जिल्हा वार्षिक योजनेचा प्रारूप आराखडा हिवाळ्यात ठरतो. म्हणून जमिनीची पाहणी व ग्रामसभेचा ठराव दिवाळीपूर्वी आणि शाखा अभियंत्याचे अंदाजपत्रक डिसेंबरपूर्वी तयार असावे. फेब्रुवारीत दिलेला अर्ज पुढच्या वर्षावर जातो. काम सुरू झाल्यावर अंदाजपत्रकाची प्रत ग्रामपंचायतीत लावावी, मुरमाच्या थराची जाडी समितीने स्वतः खणून मोजावी आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत मिळत नसल्यास माहिती अधिकारात अर्ज करावा, ज्याला 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

वाट झाली म्हणजे सर्वांना तेथे पोहोचता येते, असे नाही. ज्यांच्याकडे दुचाकी नाही, त्यांना एसटीच लागते. बसफेरीसाठी आगार व्यवस्थापकांना अर्ज करावा व त्याची प्रत विभाग नियंत्रकांना द्यावी. अर्जासोबत ग्रामसभेचा ठराव, रस्ता बससाठी योग्य असल्याचे बांधकाम विभागाचे पत्र आणि बस वळवण्याची जागा दाखवणारा साधा नकाशा जोडावा. तालुका मानव विकास कार्यक्रमातील 125 तालुक्यांपैकी असेल, तर विद्यार्थिनींसाठी धावणाऱ्या निळ्या बसची एखादी फेरी टोल्यापर्यंत वाढवून मागता येते. त्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांकडून त्या टोल्यातील विद्यार्थिनींची संख्या लिहून घ्यावी आणि फेरीची वेळ शाळेच्या घंटेप्रमाणे मागावी.