ब्रेकचं पेडल खाली बसतंय? आधी गळती शोधा, मग हवा काढा

माझी 1996 ची टाटा 407 आहे. नारायणगावचा टोमॅटो भरून माळशेज उतरत होतो, तेव्हा पेडल पहिल्याच दाबाला खाली गेलं. तीनदा पंपिंग केल्यावर ब्रेक मिळाला. सेकंड गिअर होता म्हणून गाडी हातात राहिली. आठच दिवसांपूर्वी गॅरेजात ब्रेक ऑइलच्या लाइनमधली हवा काढून घेतली होती, पण ती हवा शिरली कुठून, हे कोणी पाहिलंच नव्हतं.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गळती शोधा. गाडी सपाटीला लावा, चाकांना दगड द्या, जॅकवर भरवसा न ठेवता एक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा. टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, ते बघा. ड्रम उतरवल्यावर व्हील सिलिंडरचा, म्हणजे ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर दाबणाऱ्या नळकांड्याचा, रबरी बूट बोटाने हळूच उचला. आतून ऑइल ओघळलं, की चोर सापडला. माझ्या गाडीत मागचं डावं चाक निघालं. ड्रममधली धूळ मात्र हवेने उडवू नका; जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

सिलिंडरच्या आत नख फिरवा. गुळगुळीत लागलं तर रबर किट बदलून भागतं. खड्डे लागले तर सिलिंडरच नवा घ्या, किटचे पैसे वाया जातील. रबरं डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नका, फुगतात. नवं ब्रेक ऑइलच वापरा. ऑइल प्यायलेले लायनर धुऊन परत बसवायचे नाहीत, आणि बदलताना दोन्ही बाजूंचे बदलायचे, नाहीतर गाडी एकीकडे ओढते.

आता हवा. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, बूस्टरमधला (पेडलला जोर देणाऱ्या डब्यातला) व्हॅक्यूम निघून जाईल. मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबलं की ऑइल ढकलतो तो) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. व्हील सिलिंडरच्या मागे हवा काढायचा निपल असतो, त्याला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. केबिनमधला माणूस पेडल दाबून धरेल आणि "धरलंय" म्हणेल. मग निपल अर्धा फेरा सोडा, बुडबुडे येतील. निपल आवळून झाल्यावरच त्याला "सोड" म्हणा. उलटं झालं तर हवा परत आत जाते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरचा तळाचा भाग गंजलेला असतो, तिथवर पिस्टन गेला की सील फाटतं.

दर पाच-सहा दाबांनंतर ब्रेक ऑइलची टाकी बघा. ती रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. गाडीला सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घाला, आणि तेही सीलबंद डब्यातलं. ते हवेतली ओल शोषतं: कोरडं डॉट 3 ग्रेडचं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत टिकतं, ओलावलेलं 140 लाही उकळू शकतं, आणि घाटात ड्रम तापतात. बाटलीतलं जुनं ऑइल परत टाकीत ओतू नका. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

शेवटी इंजिन चालू करून पेडल मिनिटभर जोरात दाबून धरा. हळूहळू खाली सरकत असेल तर मास्टर सिलिंडर बघा. जागेवर राहिलं तर आधी आवारातच हळू चालवून ब्रेक मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चारही चाकांच्या आतून बोट फिरवा. कोरडं आलं, की माल भरा.