यूकेत कार इन्शुरन्स घेताय? नोकरीच्या रकान्यात या चुका टाळा

इथे नवीन आलेली मंडळी गाडी घेतली की एकच प्रश्न विचारतात, "ऑक्युपेशनमध्ये काय टाकलं की स्वस्त पडतं?" अहो, आधी तुम्ही काय काम करता आणि त्या कामासाठी गाडी कुठे कुठे नेता ते तर बघा! भारतात थर्ड पार्टीचा प्रीमियम सरकार ठरवतं, कारसाठी तो इंजिनच्या सीसीवर असतो, तुम्ही डॉक्टर असा नाहीतर दुकानदार, त्यात एक रुपयाही हलत नाही, म्हणून तो रकाना भरायचा म्हणून भरायची सवय आपल्याला लागलेली आहे. इथे कंपन्या कुठल्या व्यवसायातले लोक किती क्लेम करतात ते बघून रेट लावतात. आणि तुमच्या कामावरून पैसे तर ठरतातच, पण मुळात कव्हर आहे की नाही हेही ठरतं. लोक पैशाच्या मागे लागतात आणि कव्हरकडे बघतच नाहीत.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे कम्यूटिंग आणि बिझनेस यूज यातला फरक न कळणं. फॉर्ममध्ये साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली सोशल, म्हणजे भाजी आणायला, फिरायला, मित्रांकडे. दुसरी कम्यूटिंग, म्हणजे घर ते कामाची एकच कायमची जागा (स्टेशनवर गाडी लावून पुढे ट्रेनने जात असाल तरी बहुतेक कंपन्या ते कम्यूटिंगमध्येच धरतात). तिसरी बिझनेस, म्हणजे कामासाठी एकापेक्षा जास्त ठिकाणी जाणं. आयटीवाले इथे हमखास फसतात, कारण त्यांच्या डोक्यात "बिझनेस" म्हणजे स्वतःचा धंदा असतो, आपण तर नोकरदार, मग आपला काय संबंध!

माझ्या ओळखीतला एक मुलगा, मूळचा सांगलीचा, राहायला रेडिंगला. ऑफिस लंडनला, तिथे ट्रेनने जायचा, पण मधूनमधून क्लायंटकडे स्विंडनला आणि ब्रिस्टलला एम४ मोटरवेवरून स्वतःची गाडी घेऊन जायचा. पॉलिसी घेतली सोशल प्लस कम्यूटिंगची. मी त्याला आधीच सांगितलं होतं की बाबा बिझनेस टाक, फरक थोड्या पौंडांचा आहे, तर म्हणे "काका, सगळे असंच करतात." स्विंडनजवळ राउंडअबाउटवर ठोकली. कंपनीच्या माणसाने फोनवर पहिल्या दोन-तीन प्रश्नांतच विचारलं, कुठे निघाला होतात? पोराने खरं सांगितलं, ते चांगलंच केलं, पण तिथून पुढे त्याला एम्प्लॉयरचं पत्र मागितलं, क्लायंटकडे किती वेळा जातोस ते विचारलं, महिनोन् महिने ते रेंगाळलं आणि शेवटी क्लेमचे पैसे कापूनच मिळाले. गाडीचं फायनान्स मात्र पूर्ण फेडायचं होतं.

हे कापणं कसं चालतं ते समजून घ्या. २०१२ च्या कन्झ्युमर इन्शुरन्स कायद्यानुसार चूक निष्काळजीपणाने झाली असेल आणि खरी माहिती दिली असती तर कंपनीने जास्त पैसे घेऊन कव्हर दिलं असतं, तर ती प्रमाणात पैसे देऊ शकते. तुम्ही ६०० पौंड भरले आणि खरा प्रीमियम ८०० होता, तर क्लेमचे ७५ टक्केच. आणि जाणूनबुजून खोटं लिहिलं असं ठरलं तर पॉलिसीच रद्द, समोरच्याला द्यावे लागलेले पैसे तुमच्याकडून वसूल होऊ शकतात, आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर "तुमची पॉलिसी कधी रद्द झाली होती का?" याला हो लिहावं लागतं. तो हो फार महागात पडतो.

बिझनेस यूजचं हेच एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, दोन हॉस्पिटलांत ड्युटी असलेल्या डॉक्टर-नर्सना आणि घरोघरी जाणाऱ्या केअररना लागू. केअररना तर मी हात जोडून सांगतो, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे कम्यूटिंग नाही.

दुसरी चूक जिचा मला खरंच राग येतो, ती म्हणजे घरच्या गाडीवर फूड डिलिव्हरी. साधा बिझनेस यूज इथे चालत नाही, हायर अँड रिवॉर्डचं, म्हणजे पैसे घेऊन माल पोचवण्याचं, वेगळं कव्हर लागतं. ते तासावरही मिळतं, पण तुमच्या मूळ कंपनीला ते चालतंय का हे आधी विचारा. पोलिसांनी पकडलं तर विनाविमा धरतात, ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट, गाडीही उचलून नेऊ शकतात. आणि इथलं लायसन्स काढून दोन वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंटला लायसन्सच जातं, मग परत थिअरी, परत प्रॅक्टिकल. संध्याकाळच्या चार ऑर्डरींसाठी हा धोका का घ्यायचा? स्टुडंट व्हिसावाल्यांनी तर विचारही करू नये, त्यांना सेल्फ-एम्प्लॉयमेंटच चालत नाही, दुसऱ्याच्या डिलिव्हरी ॲपच्या अकाउंटवर तर नाहीच नाही.

आता नोकरीच्या नावाबद्दल. थोडं इकडेतिकडे करून स्वस्त पडतं हे खरं आहे आणि खरेपणात राहून केलं तर गैर नाही. मी ऑफर लेटर उघडतो, ड्रॉपडाउनमधली आपल्या कामाला खरोखर लागू पडतील अशी दोन-तीन नावं निवडतो, सॉफ्टवेअर इंजिनिअर, डेव्हलपर, प्रोग्रॅमर असं, प्रत्येकावर किती प्रीमियम पडेल तो कोट घेतो, त्यातलं स्वस्त ते घेतो आणि स्क्रीनशॉट ठेवतो. मॅनेजर असून क्लार्क लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. व्हिडिओ बघून पाच मिनिटांत पॉलिसी काढणाऱ्यांना एवढाही धीर नसतो.

घर सांभाळणाऱ्या बायकोला किंवा नवऱ्याला "अनएम्प्लॉइड" लिहू नका, होममेकरसारखा पर्याय असतो, तो खराही आहे आणि बऱ्याचदा स्वस्तही पडतो.

शनिवार-रविवारची पार्टटाइम नोकरी विचारली असेल तर लिहा.

नवऱ्याची नोकरी महाग पडते म्हणून बायकोला मेन ड्रायव्हर दाखवायचं आणि गाडी रोज नवऱ्याने चालवायची, याला इथे फ्रंटिंग म्हणतात, ती फसवणूक धरली जाते.

वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर रिन्यूअलची वाट बघू नका, लगेच कळवा, कंपनी थोडी फी लावेल ती द्या. फोनवर बोललात तर तारीख आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा, आणि नवीन सर्टिफिकेट ईमेलवर आलं की त्यातली "लिमिटेशन्स ॲज टू यूज" ही, म्हणजे गाडी कशाकशासाठी वापरता येते ते सांगणारी, ओळ स्वतः वाचा. तुम्ही बिझनेस मागितलं होतं आणि तिथे तो शब्द दिसत नसेल तर गाडी काढायच्या आधी परत फोन लावा.