ऑर्लँडोच्या उन्हाळ्यात डिस्नेला जाताना डब्यांत काय भरायचं

जून-जुलैमध्ये अमेरिकेतल्या शाळांना सुट्टी असते, त्याच सुमारास भारतातून आई-बाबा आलेले असतात, आणि तीन पिढ्यांचा मिळून ऑर्लँडोचा बेत ठरतो. तिकिटं, विमान, ऑर्लँडोजवळच्या किसिमी गावातलं भाड्याचं घर हे सगळं महिनोन् महिने आधी ठरतं. खाण्याचा विचार मात्र आदल्या रात्री साडेदहाला सुरू होतो. तेव्हा हाताशी ब्रेड आणि वेफर्स एवढंच असतं, म्हणून ही तयारी आधीच मनात उलगडून ठेवा. डिस्नेच्या पार्कांत शाकाहारी खाणं मिळतं, पूर्वीपेक्षा बरंच बरं मिळतं. पण भर दुपारी रांगेत उभं राहून मिळालेला पिझ्झा आजीला जात नाही, आणि भुकेनं रडणारं पोर वीस मिनिटं थांबत नाही. घरचं खाणं सोबत न्यायचं ते यांच्यासाठी.

आधी नियम पाहू, कारण डबे कोणते घ्यायचे ते त्यांवरूनच ठरतं. डिस्ने वर्ल्डच्या चारही थीम पार्कांत स्वतःपुरतं खाणं-पिणं आत नेऊ देतात. ते आत गरम करावं लागेल असं नसावं. काचेची भांडी चालत नाहीत, बाळाच्या खाण्याच्या छोट्या बाटल्या तेवढ्या अपवाद. म्हणजे लोणच्याची काचेची बरणी घरीच ठेवायची आणि लोणचं छोट्या स्टीलच्या फिरकीच्या डबीत काढायचं. कूलर २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १८ इंच उंच यापेक्षा मोठा नको, आणि त्यात सुटा बर्फ किंवा ड्राय आइस नको; गोठवलेले जेलचे आइस पॅक चालतात. फळं कापायची सुरी न्यायची नाही, जे कापायचं ते घरूनच कापून न्या. दारावर पिशव्या तपासतात, तेव्हा सगळे डबे एकाच पिशवीत ठेवले की ती एकदाच उघडून दाखवता येते. याच सहलीत युनिव्हर्सल या ऑर्लँडोतल्या दुसऱ्या थीम पार्कचाही दिवस असेल तर हा सगळा हिशेब तिथे लावू नका. तिथे पाणी, किरकोळ खाऊ, बाळाचं आणि पथ्याचं खाणं नेऊ देतात, पूर्ण जेवणाचे डबे आणि मोठे कूलर नाही. निघण्याआधी त्या त्या पार्कच्या संकेतस्थळावर त्या आठवड्याचे नियम पाहून घ्या.

आता उन्हाचं. नागपूर-अकोल्याहून आलेल्या माणसाला ३३ अंश हा आकडा ऐकून हसू येतं. पण फ्लोरिडात हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही, अंग थंड होत नाही आणि दुपारपर्यंत माणूस गळून जातो. रत्नागिरी-मालवणच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. त्यात दुपारी तीन-चारच्या सुमारास बहुतेक दिवशी गडगडाट होऊन पाऊस कोसळतो. म्हणजे खाण्याला तीन गोष्टी सोसायच्या आहेत: उष्णता, दमटपणा आणि पाणी. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा की नासणारं अन्न ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात दोन तासांहून जास्त ठेवू नये, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात संपवावं. ऑर्लँडोच्या जुलैत तुम्ही बहुतेक वेळ या एका तासाच्या नियमातच असता.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की जेवण पदार्थांप्रमाणे भरू नये, तासांप्रमाणे भरावं. आधी नासणारं आधी पोटात गेलं पाहिजे, आणि संध्याकाळसाठी फक्त ते ठेवायचं ज्याला थंडाव्याची गरजच नाही.

पहिला डबा गाडीतला. पार्क सहसा नऊच्या आसपास उघडतं, पण चारपैकी मॅजिक किंगडम या पार्कला गाडी लावल्यावर पुढे मोनोरेल नाहीतर फेरीबोटीनं तळं ओलांडून जावं लागतं. त्यामुळे सातला निघणं भाग असतं. इतक्या सकाळी मुलं पोहे खात नाहीत. त्यांच्यासाठी तूप-गूळ लावलेल्या पोळीच्या सुरळ्या बटर पेपरमध्ये गुंडाळून मागच्या सीटवर द्या. मोठ्यांसाठी थर्मासात चहा. तो पार्किंगमध्येच संपवायचा, म्हणजे थर्मास गाडीत राहतो आणि खांद्यावरचं एक ओझं कमी होतं. हेच पार्किंग दूर असल्यामुळे आणखी एक बेत बाद होतो: ‘जेवण गाडीत ठेवू, दुपारी येऊन खाऊ.’ येण्याजाण्यात दीड तास सहज जातो, आणि बंद गाडीत दुपारपर्यंत भाजी कधीच आंबलेली असते.

दुसरा डबा अकरा-साडेअकराचा, आणि कूलर खरा यासाठीच. दहीभात यात फार चांगला बसतो, पण तो नीट केला तरच. भात शिजल्यावर पातेल्यात तासन् तास निवत ठेवायचा नाही. भाताच्या दाण्यावरचे काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत आणि कोमट भातात झपाट्यानं वाढतात. तेव्हा भात ताटात पसरून लगेच गार करा. मग भरपूर दूध आणि थोडंसंच दही घालून कालवा, जिरं-मिरची-कढीपत्त्याची फोडणी द्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पसरट डब्यांत भरून वर-खाली आइस पॅक. उंच डब्याचा मधला भाग गार राहत नाही, म्हणून डबे पसरटच घ्या. बारा वाजून गेले आणि उरला असेल तर हळहळ न करता टाकून द्या. आमच्याकडे अन्न टाकणं जिवावर येतं, मला ते कळतं, पण परदेशात पोट बिघडलेलं लहान मूल घेऊन इमर्जन्सी रूममध्ये बसणं त्याहून फार वाईट. बटाट्याची कोरडी भाजी न्यायची असेल तर तीही याच डब्यात, ओलं खोबरं आणि कांदा न घालता. चीज सँडविच असेल तर तेही इथेच.

तिसरा डबा सगळ्यात महत्त्वाचा, कारण दुपारी दीडपासून संध्याकाळपर्यंतचा सगळा काळ त्याच्यावर काढायचा असतो. इथे आपल्या आज्या-पणज्यांची प्रवासाची शिदोरी कामाला येते. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, मेथीचे ठेपले. पुऱ्यांच्या कणकेत तिखट, हळद, ओवा, तीळ आणि कडकडीत तेलाचं मोहन घालून घट्ट मळा आणि मंद आचेवर तळा, म्हणजे आत पाण्याचा अंश कमी राहतो. पाणी जितकं कमी तितकं टिकणं जास्त. दशमीची कणीक दुधात भिजवतात, ती मऊ राहते आणि दात नसलेल्या आजोबांना चावता येते. ठेपल्यात मेथी घालायची तर धुऊन, फडक्यावर पूर्ण सुकवून घाला. थालीपीठ आणि धपाटे यांचा मोह होतो, पण कांदा घातलेलं थालीपीठ या हवेत दुपारी वास मारतं. बिनकांद्याचे धपाटे असतील तर सकाळच्या डब्यात न्या.

हे सगळं करताना एक गोष्ट कधीही टाळू नका: पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावायचं नाही. गरम पुरी बंद केली की वाफ धरते, झाकणावर पाणी साचतं आणि तिथूनच नासायला सुरुवात होते. आदल्या संध्याकाळी करून जाळीवर पसरून ठेवा, रात्री कागदी रुमालात गुंडाळून भरा. डब्यापेक्षा माणशी एक पुडा केलेला बरा, दोन पुऱ्या आणि त्यातच चमचाभर कोरडी चटणी. रांगेत उभ्या उभ्या एका हातानं खाता येतं, ताटली लागत नाही, आणि एक पुडा उघडला म्हणून बाकीच्यांना दमट हवा लागत नाही. चटणी शेंगदाण्याची, लसणाची, जवसाची किंवा कारळ्याची, कोणतीही चालेल, फक्त ओली नको. कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते, रांगेत आजूबाजूला अनोळखी मुलं असतात, म्हणून खाल्ल्यावर हात पुसायला ओले टिश्यू हाताशी ठेवा.

खाऊमध्ये चॉकलेट नेऊ नका, दहा मिनिटांत त्याचं पाणी होतं. गुळाची चिक्की चालते, मात्र प्रत्येक वडी वेगळ्या कागदात, नाहीतर दमट हवेत सगळ्यांचा एक गोळा होतो. चिवडा आणि भडंग मऊ पडतात, त्यांच्याही मूठभर मावेल एवढ्याच झिपलॉक पिशव्या करा. खारे दाणे, फुटाणे, खजूर आणि बेसनाचे लाडू यांना काही होत नाही. फळांत द्राक्षं आदल्या रात्री फ्रीझरमध्ये टाका. सकाळी ती आइस पॅकचं काम करतात आणि दुपारी मुलांना बर्फाच्या गोळ्यासारखी लागतात. अगदी लहान मुलं असतील तर गोठवण्याआधीच उभी चिरून ठेवा, घशात अडकायला नको. सोललेली काकडी आणि मोसंबी उत्तम. केळी काळी पडतात. कलिंगडाला इतकं पाणी सुटतं की सगळी पिशवी भिजते.

पिण्याचं. माणशी एक रिकामी बाटली न्या, पाणी वाहू नका. पार्कात पाणी भरायच्या जागा आहेत, आणि जिथे सोडा विकतात त्या खाण्याच्या काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट देतात. फक्त फ्लोरिडाच्या पाण्याला एक गंधकासारखी चव असते. मुलं एक घोट घेऊन ‘नको’ म्हणतात, आणि पाणी न पिण्याचं खरं कारण हेच असतं. यासाठी कोकमाचं आगळ छोट्या प्लॅस्टिकच्या बाटलीत घ्या. त्या बर्फाच्या पाण्यात दोन चमचे आगळ आणि साखर घातली की ते पाणी मुलं मागून पितात, आणि आगळात मीठ असतंच. घामातून पाण्याबरोबर मीठही जातं, त्यामुळे नुसतं पाणी पिऊन डोकं जड होणं थांबत नाही. ओआरएसच्या पुड्या चार तरी ठेवा. पुडी नसली तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ज्यांना रक्तदाबासाठी मीठ कमी सांगितलं आहे त्यांनी याबद्दल आधीच डॉक्टरांना विचारून यावं. दोन बाटल्या रात्री तीन चतुर्थांश भरून आडव्या गोठवा. पूर्ण भरल्या तर फुगून फुटतात. सकाळी त्या कूलरमध्ये आइस पॅक म्हणून जातात आणि चार वाजता गार पाणी म्हणून बाहेर येतात. ताक मात्र घरीच प्या, ते तासाभरात आंबटढाण होतं.

आई-बाबांच्या औषधांची पिशवी वेगळी आणि नेहमी अंगावर. इन्सुलिन असेल तर ते आइस पॅकला थेट चिकटू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. जाड रुमालात गुंडाळून कूलरच्या वरच्या कप्प्यात ठेवा. मधुमेह असलेल्या माणसाच्या खिशात ग्लुकोजच्या गोळ्या किंवा साखरेच्या पुड्या असाव्यातच, कारण रांगेत जेवणाची वेळ कधी टळते ते कळत नाही. त्यांचा अकराचा डबा सगळ्यांत आधी उघडा, मुलांच्याही आधी.

खायला कुठे बसायचं तेही ठरवून ठेवा. दुपारच्या उन्हात बाकावर बसून डबा उघडलात तर खारी येतात, पक्षी येतात, आणि ते इतके धीट आहेत की हातातली पुरी नेतात. मॅजिक किंगडमच्या टुमॉरोलँड या भागातलं कॉस्मिक रेज हे खाण्याचं मोठं, गार हवेचं ठिकाण आहे. सगळ्यांसाठी काहीतरी थंड विकत घ्या आणि तिथे बसून आपले डबे उघडा. साडेअकराला गेलात तर टेबल मिळतं, साडेबाराला नाही. कूलर स्ट्रोलरच्या, म्हणजे बाबागाडीच्या, खाली ठेवून राइडला जायची सवय असते, पण स्ट्रोलर उन्हात उभा राहतो. सावलीतली जागा शोधा किंवा निदान वर पांढरा टॉवेल टाका. पावसासाठी सगळे पुडे एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि उष्ट्यासाठी दोन रिकाम्या पिशव्या.

विमानानं येत असाल तर पुऱ्या, चटण्या आणि लाडू घरूनच करून आणा, हातातल्या सामानात चालतात. लोणचं, आगळ आणि तूप द्रवात मोडतात, ते चेक-इनच्या बॅगेत टाका. आइस पॅक हातात आणायचे तर तपासणीच्या वेळी ते दगडासारखे गोठलेले असावे लागतात, त्यापेक्षा तिथेच पब्लिक्स या सुपरमार्केटात विकत घ्या. दही, काकडी, द्राक्षंही तिथेच मिळतील. कणीक, पोहे, कढीपत्ता लागला तर ऑर्लँडोत पटेल ब्रदर्स हे भारतीय किराण्याचं दुकान आहे.

रात्रीचं जेवण हे या यादीत सगळे विसरतात. आतषबाजी संपवून, बोट पकडून, गाडी काढून घरी पोचायला अकरा-साडेअकरा होतात. तेव्हा कुणीही स्वयंपाक करत नाही. सकाळी निघताना मूगडाळ आणि तांदूळ मोजून, मीठ-हळद वेगळ्या वाटीत काढून कुकरशेजारी ठेवा. आल्यावर डाळ-तांदूळ धुऊन मीठ-हळद आणि पाणी घातलं की खिचडी होते आणि तोवर मुलांच्या आंघोळी आटपतात. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पार्क असेल तर दारातून आत शिरताच आइस पॅक पुसून फ्रीझरमध्ये टाका. त्यांना पूर्ण गोठायला अख्खी रात्र लागते.