ड्रॉवरचे चॅनल सरळ बसवायचेत? आधी प्लायचा फर्मा बनवा

ड्रॉवर अर्धा उघडतो आणि अडतो, किंवा बंद करताना एका बाजूने आत जातो आणि दुसरी बाजू बाहेरच राहते, मग आपण थोडा उचलून ढकलतो, आणि दोष जातो चॅनलला, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या धातूच्या पट्टीला. "हलकं चॅनल लावलं मिस्त्रीने." बहुतेक वेळा चॅनलचा काही गुन्हा नसतो. डावं आणि उजवं चॅनल एका उंचीला नसतं, नाहीतर पुढच्या टोकाला एका उंचीला असतं आणि मागे गेल्यावर एक दोन एमएमने खाली उतरलेलं असतं, आणि बॉल बेअरिंगला तेवढं पुरतं नखरे करायला.

मी इथे बोलतोय ते साइडला बसणाऱ्या टेलिस्कोपिक चॅनलबद्दल, जे आपल्याकडे बहुतेक कपाटांत आणि टीव्ही युनिटमध्ये लागतं, 45 एमएम उंचीचं, तीन पट्ट्या एकात एक सरकणारं. 10 इंचापासून 24 इंचापर्यंत दोन दोन इंचाच्या फरकाने लांबी मिळते. ड्रॉवरच्या खाली लपणारं अंडरमाउंट चॅनल हा वेगळा विषय, त्याचं सगळं माप वेगळं, त्याला खालचं काही लागू करू नका.

आता मुद्द्याची गोष्ट. चॅनल बसवताना नेमका आकडा महत्त्वाचा नाही, जोडी जुळणं महत्त्वाचं आहे. दोन्ही चॅनल तळापासून 40 एमएमवर आहेत की दोन्ही 41 वर, ड्रॉवरला काही फरक पडत नाही. एक 40 वर आणि दुसरं 41 वर असेल तर मात्र पडतो. टेप लावून, पेन्सिलने खूण करून, मग परत दुसऱ्या बाजूला टेप लावून असं केलं की चूक शिरायला जागाच जागा. टेपचं पुढचं पत्र्याचं टोक थोडं हलतं, पेन्सिल बोथट असते, कपाटाच्या आत अंधार असतो, मान वाकडी असते. म्हणून मापायचंच नाही. एकच लाकडाचा तुकडा दोन्ही बाजूंना वापरायचा, आणि चॅनल त्याच्यावर टेकवून स्क्रू मारायचा. फर्मा म्हणजे एवढंच. बाजारात तयार जिग मिळतात, क्रेग कंपनीचा कपाटाच्या पुढच्या कडेला क्लॅम्प करून चॅनल धरून ठेवणारा जिग ऑनलाइन मिळतो आणि चांगला आहे, पण वर्षाला चार ड्रॉवर बसवणाऱ्याने त्यात पैसे घालावेत असं मला वाटत नाही. रद्दी प्लायमध्ये काम होतं.

सगळ्यात सोपा फर्मा म्हणजे ठोकळा. समजा एका बॉक्समध्ये तीन ड्रॉवर आहेत. चॅनलच्या लांबीएवढा किंवा इंचभर कमी लांबीचा 18 एमएम प्लायचा एक तुकडा घ्या, रुंदी एवढी की तो आत उभा ठेवला की त्याच्या वरच्या कडेवर सगळ्यात वरचं चॅनल टेकेल. डाव्या भिंतीला तुकडा उभा करा, चॅनल वर ठेवा, स्क्रू मारा. तोच तुकडा उचलून उजव्या भिंतीला, तिथेही तेच. मग तुकडा कापा, मधल्या ड्रॉवरच्या मापाला आणा, पुन्हा डावं उजवं. मग आणखी कापा, खालच्याला. क्रम वरून खाली, हे विसरू नका, कारण कापलेलं प्लाय परत लांब होत नाही :) यात मजा अशी की तुमचा कट समजा जरा तिरका गेला, मागे 1 एमएम कमी झाला, तरी दोन्ही बाजूंना तुकड्याचं तेच टोक पुढे ठेवलंत तर दोन्ही चॅनल सारखेच तिरके बसतात आणि ड्रॉवर तरीही गपगुमान सरकतो. म्हणून तुकड्यावर मोठ्या अक्षरात "पुढे" आणि "वर" लिहून ठेवायचं.

पण वॉर्डरोबच्या मधोमध, जमिनीपासून तीन फुटांवर ड्रॉवर असेल तर एवढा मोठा ठोकळा कुठून आणणार, किंवा कपाटाचा तळच वाकडा असेल. तिथे कडेला अडकवायचा फर्मा लागतो. बनवायला अर्धा तास पुरे. 12 एमएम प्लायची एक पट्टी, 400 एमएम लांब आणि 100 एमएम रुंद. ही 12 ची जाडी मुद्दाम, कारण चॅनलची जाडी 12.7 एमएम असते, म्हणजे अर्धा इंच, आपल्या सुतारी भाषेत चार सूत, त्यामुळे चॅनल पट्टीच्या वरच्या कडेवर जवळजवळ पूर्ण टेकतं. आता या पट्टीच्या पुढच्या टोकाला आडवा ठोकळा मारायचा, 48 एमएम रुंद, 100 एमएम उंच, अशा पद्धतीने की तो पट्टीच्या दोन्ही बाजूंना 18-18 एमएम बाहेर येईल. वरून बघितलं की इंग्रजी टी अक्षर दिसलं पाहिजे. फेविकॉल लावा आणि समोरून दोन स्क्रू, पण आधी बारीक भोक पाडून, नाहीतर 12 च्या प्लायची कड फाटते. फेविकॉल ओलं असतानाच गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघा, वरची कड आणि पुढचा ठोकळा काटकोनात हवेत. सुकल्यावर मग गुण्या लावून उपयोग नाही.

हा फर्मा कपाटाच्या आत सरकवला की पुढचा ठोकळा कपाटाच्या साइडच्या कडेवर येऊन अडतो. डाव्या साइडला डावीकडचे 18 एमएम अडतात, उजव्या साइडला उजवीकडचे. फर्मा उलटा करायचा नाही, फिरवायचा नाही, जसाच्या तसा उचलून पलीकडे.

एक काळजी घ्या, पुढचा ठोकळा पट्टीच्या वरच्या कडेच्या वर डोकावता कामा नये. पहिल्यांदा बनवताना वाटतं की तो थोडा वर असावा म्हणजे चॅनलचं तोंड त्याला टेकवता येईल, पण मग मागचे स्क्रू मारायला चॅनलची मधली पट्टी पुढे ओढावी लागते, ती तिथे ठोकळ्याला जाऊन अडते आणि फर्मा काढल्याशिवाय काम होत नाही. त्यापेक्षा पट्टीच्या वरच्या कडेवरच पेनाने दोन रेघा मारा. एक ठोकळ्यापासून 3 एमएम मागे, ही ड्रॉवरचं फ्रंट कपाटावर बाहेरून बसतं तेव्हासाठी. दुसरी फ्रंटच्या पूर्ण जाडीपेक्षा एक एमएम जास्त मागे, म्हणजे 18 चं प्लाय आणि दोन्ही बाजूंना एक एक एमएमचा मायका धरला तर 21 वर, ही फ्रंट कपाटाच्या आत सपाट बसतं तेव्हासाठी. चॅनलचं तोंड त्या रेघेला लावलं की झालं.

उंचीची खूण मात्र कपाटाच्या दोन्ही कडांवर करावी लागते, आणि तीही टेपने नाही. एक लांब पट्टी घ्या, त्यावर सगळ्या ड्रॉवरच्या खुणा एकदाच करून घ्या, पट्टी कपाटाच्या डाव्या कडेला उभी करून खुणा उतरवा, मग उजव्या कडेला. तळ वाकडा असेल तर वरच्या टॉपला टेकवून उतरवा, पण दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून. जुने सुतार असंच करतात, त्यांच्याकडे टेप होताच कुठे. फर्म्याची वरची कड खुणेला लावायची, शिकंज्याने (क्लॅम्पने) आवळायचं, चॅनल ठेवायचं.

स्क्रू मारण्याआधी रुंदीचं बोलू, कारण उंची कितीही अचूक असली आणि इथे गडबड झाली तर सगळं वाया. कपाटाच्या आतल्या रुंदीतून दोन्ही चॅनलचे मिळून 25.4 एमएम वजा करायचे, म्हणजे एक इंच, आणि वर अर्धा ते एक एमएम सूट सोडायची. आत 500 एमएम असेल तर ड्रॉवर बाहेरून बाहेर 474 चा करा. मोठा झाला तर ड्रॉवर आत जातच नाही किंवा जाम जातो आणि मग रंधा मारत बसा. छोटा झाला तर चॅनलच्या मागे मायक्याचा तुकडा घालून पॅकिंग देता येतं. म्हणून चुकायचंच असेल तर छोट्याकडे चुका.

आणि ही आतली रुंदी कधी मापायची? आत लायनर, म्हणजे आतल्या बाजूचा मायका, चिकटवून झाल्यावर! हे आपल्याकडे फार होतं, प्लाय उघडं असताना माप घेतलं, ड्रॉवर बनवून ठेवले, मग दोन्ही भिंतींना आतून मायका चिकटवला आणि दीड दोन एमएम गायब. सुताराला ओरडून उपयोग नाही, त्याने मापलं तेव्हा बरोबरच होतं. अजून एक, पुढे मापलं तसं मागेही बघा. पुढे घट्ट बसेल अशी एक काडी कापा आणि तीच आत मागपर्यंत सरकवा. अडली तर मागे निमुळतं आहे, सैल पडली तर मागे फाकलंय, आणि फाकलं असेल तर मागच्या स्क्रूच्या जागी मायक्याचं पॅकिंग. निमुळतं असेल तर बॅक प्लाय सोडून बॉक्स काटकोनात आणण्याशिवाय मार्ग नाही, किंवा मग ड्रॉवरच मागच्या मापाने करा आणि पुढे पॅकिंग द्या. जुन्या कपाटांना पुढे लाकडी चौकट असते जी साइडच्या आत डोकावते, तिथे आधी साइडला प्लायची पट्टी मारून चौकटीच्या बरोबरीत आणायचं आणि मग चॅनल.

आता स्क्रू. कपाटाच्या 18 एमएम साइडला 16 एमएमचा चपट्या डोक्याचा स्क्रू, 19 चा मारलात तर पलीकडे टोक दिसेल. ड्रॉवरची साइड 12 एमएमची असेल तर 10 किंवा 12 चाच, याबाबतीत हार्डवेअरवाला चॅनलसोबत पुडीत जे देतो ते डोळे झाकून मारू नका. भोक आधी 2 एमएमच्या बिटने, बिटला 10 एमएमवर चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे आरपार जाणार नाही. सेल्फ सेंटरिंग बिट मिळतं, स्प्रिंगचं, ते चॅनलच्या भोकात आपोआप मध्ये बसतं. पुण्यात असाल तर बोहरी आळीत विचारा. फर्म्यापेक्षा आधी ते घ्या असं मी म्हणेन, कारण भोक जरा बाजूला गेलं की स्क्रू आवळताना चॅनल ओढलं जातं आणि फर्म्याने केलेली सगळी मेहनत तिथे जाते.

चॅनलला दोन प्रकारची भोकं असतात, लांबट आणि गोल. आधी फक्त लांबट भोकांत एक पुढे एक मागे स्क्रू, तेही शेवटचा पीळ न देता. कपाटातल्या पट्टीवरची लांबट भोकं साधारण आडवी असतात, पुढे मागे करायला, आणि ड्रॉवरच्या पट्टीवर उभीही असतात, वर खाली करायला. गोल भोकं सगळ्यात शेवटी, सगळं जुळल्यावर. स्क्रूचं डोकं पूर्ण आत गेलं पाहिजे, जरा जरी वर राहिलं तर मधली पट्टी त्यावर घासते आणि खर्र असा आवाज येतो. बोट फिरवून बघा, नखाला लागलं तर वर आहे. आणि भोक पाडताना भुसा ग्रीसवर उडतो, त्यामुळे प्रत्येक भोकानंतर ब्रश मारा. भुसा मिसळलेलं ग्रीस नंतर पुसून निघत नाही.

ड्रॉवरच्या बाजूचा फर्मा तर अजून सोपा. चॅनलमधली सगळ्यात आतली पट्टी काळी प्लास्टिकची खीळ दाबून सुटी होते, एका बाजूची वर दाबायची आणि दुसऱ्या बाजूची खाली, दोन्ही वर दाबत बसाल तर सुटणार नाही. आता 50 एमएम रुंदीची प्लायची पट्टी कापा, ड्रॉवर सपाट टेबलावर ठेवा, पट्टी साइडला टेकवून वरून पेन्सिलची रेघ ओढा, दोन्ही साइडला. ही रेघ म्हणजे आतल्या पट्टीचा मध्य, भोकं या रेघेवर आली पाहिजेत. आता हिशोब बघा, 45 एमएम चॅनलचा मध्य त्याच्या खालच्या कडेपासून 22.5 वर. सगळ्यात खालचं चॅनल तळापासून 40 एमएमच्या ठोकळ्यावर टेकवलं असेल तर मध्य 62.5 वर, त्यातून ड्रॉवरचे 50 गेले, म्हणजे ड्रॉवरचा तळ कपाटाच्या तळापासून 12.5 एमएम वर तरंगणार. तेवढी जागा छान. सगळ्या ड्रॉवरला तीच 50 ची पट्टी वापरा, मग ड्रॉवर आपसात अदलाबदल करता येतात.

ड्रॉवर घालताना मधल्या पट्टीतली बॉलची जाळी पूर्ण पुढे ओढून घ्या आणि मग दोन्ही बाजू एकदम सरळ ढकला. जाळी मागे राहिली आणि जोर लावला तर ती वाकते, बॉल खाली पडतात आणि चॅनल गेलं. पहिल्यांदा पूर्ण आत जाताना थोडं कडक वाटतं, ते चालतं.

घातल्यावर शेवटचे दोन इंच जड जात असेल तर रुंदीचा प्रश्न, मागे निमुळतं आहे. ड्रॉवर आपोआप उघडत असेल तर चॅनल पुढे उतरलंय, मागचा स्क्रू सैल करून मागची बाजू थोडी खाली घ्या, दोन्हीकडे. एक कोपरा डुगडुगतोय तर ड्रॉवरच चौरस नाही, कर्ण मापा, दोन्ही सारखे हवेत. सॉफ्ट क्लोज चॅनल असेल तर हे सगळं जरा जास्तच कडक पाळावं लागतं, कारण दोन्ही बाजूंचं यंत्र एकाच वेळी पकडलं नाही तर ड्रॉवर शेवटी तिरका थांबतो आणि धड बंदही होत नाही.

फ्रंट अगदी शेवटी. ड्रॉवर बंद करा, फ्रंटच्या पाठीला डबल टेप लावा, खाली आणि बाजूला मायक्याचे दोन दोन तुकडे ठेवून 2 एमएमची फट धरा, दाबून चिकटवा, मग हळूच ड्रॉवर उघडून आतून चार स्क्रू. खालच्या फ्रंटपासून सुरुवात करून वर जा, आणि हँडलची भोकं स्क्रू मारल्यानंतरच पाडा.

फर्म्यावर चॅनलची लांबी आणि दोन रेघा कशासाठी आहेत ते मार्करने लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वेळी साइटवरचा पोऱ्या त्याला रद्दी समजून पॅकिंगसाठी कापून टाकेल.