ग्रेच कंपनीची जुनी ६१२० गिटार कुठल्या सालची, हे कसं ओळखायचं

कुणी "१९५९ ची ६१२० आहे" म्हणून फोटो पाठवले तर आधी पिकअप (तारांचा आवाज अँपकडे पोचवणारा भाग) बघत बसू नका, ते चार स्क्रू काढले की बदलतात, रॉक अँड रोलवाल्या एडी कॉक्रनने स्वतःच्या ६१२० ला नेकजवळ गिब्सन कंपनीचा पी-९० पिकअप बसवला होताच की. मोबाईलचा टॉर्च एफ-होलमधून, म्हणजे बॉडीवरच्या एफ आकाराच्या भोकातून, आत मारून काढलेला फोटो मागवा. साधारण १९५८ ते १९६१ च्या गिटारींत वरची आणि मागची फळी जोडणारे लाकडी पाय दिसतात, पुलाखालच्या खांबांसारखे, त्याला ट्रेसल ब्रेसिंग म्हणतात. अँपसमोर पोकळ गिटार जी घुमायला लागते ते यामुळे बरंच आटोक्यात येतं. आतलं लाकूड सहसा कोणी बदलत नाही, म्हणून माझा सगळ्यात जास्त भरवसा त्याच्यावर.

आत लेबल आणि त्यावर नंबर असतो, तोही टिपून घ्या, पण लेबल सुटून पडलेल्या गिटारीही खूप असतात.

मग बाहेरून बघा. १९५५ च्या आसपास ब्रुकलिनमधून निघालेल्या गिटारींचा थाट पूर्ण काऊबॉयचा, बॉडीवर डागणी दिल्यासारखा मोठा इंग्रजी जी, फ्रेटबोर्डवर (बोटं दाबायच्या पट्टीवर) निवडुंग नि गाईबैलांची चित्रं, हेडस्टॉकवर (तारा पिळायच्या टोकावर) बैलाचं डोकं. गिटारीवर नाव गिटारवादक चेट ॲटकिन्सचं, पण त्याला हे काऊबॉय प्रकरण आवडायचं नाही आणि हळूहळू ते गेलंच. १९५६ संपता संपता बैलाच्या जागी घोड्याचा नाल आला, १९५७ पर्यंत जी गेला, आणि १९५८ ला रोझवूडऐवजी एबनीचा फ्रेटबोर्ड आणि त्याच्या कडेला अंगठ्याच्या नखासारखे छोटे इनले, म्हणजे जडवलेल्या खुणा.

पिकअपचं पण तेच साल. आधीच्या डीआर्मंड पिकअपचे मॅग्नेट तारा इतक्या ओढायचे की सूर लवकर विझायचा, चेटची हीच तक्रार, म्हणून रे बट्स नावाच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याने हमबकिंग (गुणगुण मारणारा) फिल्टरट्रॉन पिकअप बनवला, आणि मला विचाराल तर ६१२० चा खरा आवाज तोच. नटला (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीला) लागून एक जादा फ्रेट (धातूची आडवी पट्टी) दिसला तर गिटार साधारण १९५९ किंवा त्यानंतरची. १९६१ च्या सुमारास बॉडी पातळ झाली, मग दोन्ही बाजूंना कटअवे (नेकजवळ बॉडीला कापलेल्या खाचा) आले आणि एफ-होल चक्क रंगवलेले, तिथे टॉर्चचा काही उपयोग नाही.

पैसे द्यायच्या आधी बाइंडिंगचे, म्हणजे कडेने बसवलेल्या सेल्युलॉइडच्या पट्टीचे, जवळून फोटो घ्याच. जुनं सेल्युलॉइड भेगाळतं, मग भुगा होऊन पडायला लागतं, केस उघडली की नाकाला झोंबणारा आंबूस वास येतो आणि आसपासचं मेटल हिरवट पडलेलं असतं. नवीन बाइंडिंग बसवणं किचकट नि महाग, तेवढे पैसे वजा करूनच भाव बोला.