फोटोत अर्धाच चेहरा उरलाय?

२०१९ च्या पुरात कोल्हापुरात अनेक घरांतले अल्बम भिजले. अशा फोटोत आजीचा अर्धाच चेहरा उरला असेल, तर फोटो दुरुस्त करणाऱ्याला उरलेली बाजू उलटवून जोडू देऊ नका. डाव्या नाकपुडीतली नथ उजवीकडेही उगवते, तीळ असला तर तोही दुप्पट! एआय चेहरा झकास भरतं खरं, पण नसलेला भाग ते अंदाजाने रचतं. बाई देखणी होते, आजी राहत नाही. त्यापेक्षा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, तिचाच दुसरा फोटो, नसेल तर सख्ख्या बहिणीचा, समोर ठेवून डोळा-भुवई हाताने भरून घ्या. चेहरा नुसता धूसर असेल तर कोडफॉर्मर हे चेहरा स्पष्ट करणारं एआय साधन चालेल. त्यातला ० ते १ चा आकडा १ च्या जवळ ठेवा, मूळ ठेवण टिकते. मूळ स्कॅन मात्र वेगळं जपा.