बीसीजीनंतर दंडावर फोड, काखेत गाठ: या चुका टाळा

क्षयरोगावरची बीसीजीची लस टोचल्यावर दोन-तीन आठवडे दंडावर विशेष काही दिसत नाही. घरातले लस दिल्याचं विसरूनही जातात. मग एके दिवशी बाळाला आंघोळ घालताना लालसर पुळी बोटांना लागते. ती वाढते, मऊ पडते, फुटते, थोडा पू येतो, खपली धरते, ती निघून जागा पुन्हा ओली होते. पू दिसला की हातावर हात ठेवून बसवत नाही, आणि बहुतेक चुका इथेच सुरू होतात.

बीसीजी ही जिवंत लस आहे. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी गुरांना क्षयरोग करणारा जंतू प्रयोगशाळेत १३ वर्षं पुन्हापुन्हा वाढवून सौम्य केला आणि १९२१ मध्ये ही लस पहिल्यांदा बाळाला दिली गेली. हे सौम्य जंतू कातडीत सावकाश वाढतात, शरीर त्यांच्याशी झुंजतं, त्यातूनच फोड येतो. साधारण २ ते ६ आठवड्यांत पुळी, मग छोटासा व्रण आणि तिसऱ्या महिन्याच्या आसपास काही मिलिमीटरचा वण, असा हा क्रम असतो. म्हणून फोडाकडे बघण्याआधी लस दिल्याची तारीख बघा. सहाव्या आठवड्यातला पू अपेक्षित असतो, तिसऱ्या दिवशीचा नसतो.

पहिल्या आठवड्यातच फोड आला तर

'लस चांगली लागू पडली' असं समजून गप्प बसणं ही चूक. टोचलेल्या जागी साधा जंतुसंसर्ग झाला असेल, किंवा बाळाच्या शरीरात क्षयाचे जंतू आधीच शिरलेले असतील. दुसरी शक्यता असेल तर शरीर लसीला फार लवकर प्रतिसाद देतं. अशा वेळी बाळाला डॉक्टरांना दाखवाच, शिवाय घरात कुणाला बरेच दिवस खोकला आहे का, हेही त्यांना सांगा.

फोडाशी खेळू नका

पिळून पू काढणं, खपली उचकटणं, शेक देणं, पावडर किंवा घरगुती लेप लावणं, घट्ट चिकटपट्टी मारणं, यातलं काहीही नको. जंतुनाशक मलमाचाही उपयोग नाही. रोजची आंघोळ घाला, साध्या पाण्याने जागा धुतली तरी चालते, फक्त टिपून कोरडी करा. बाही सैल हवी. ओल जास्त असेल तर कोरडी, स्वच्छ कापसाची जाळीपट्टी सैलसर ठेवा. त्या दंडावर पुढचे तीन महिने दुसरं इंजेक्शन देऊ नये, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो पाळण्यात तोटा काहीच नाही.

व्रण एक सेंटीमीटरहून मोठा झाला, खोल गेला, किंवा तीन महिने उलटूनही वाहत राहिला, तर मात्र दाखवायला न्या. लस कातडीच्या वरच्या थरात न जाता खाली गेली किंवा जास्त गेली तर गळू होण्याचा धोका वाढतो. नवजात बाळांचा नेहमीचा डोस ०.०५ मि.ली. असतो. लस नीट टोचली की कातडीवर फिकट, संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत फुगवटा येतो आणि अर्ध्या तासाच्या आत विरतो. तो आलाच नाही तर नोंद करायला सांगा, पण लगेच दुसरी टोच द्यायला लावू नका.

काखेतली गाठ: सगळ्यात जास्त चुका इथे

लस दिलेल्या बाजूच्या काखेत, कधी गळपट्टीच्या हाडाच्या वर, अवधाण येतं. वाटाण्याएवढी, हलणारी, न दुखणारी गाठ, वरची कातडी नेहमीसारखी, बाळ हसतं-खेळतं आणि वजन वाढतंय, अशी स्थिती असेल तर औषध लागत नाही. काही महिन्यांत ती आपोआप बसते. तरीही धीर सुटतो आणि क्षयाची औषधं सुरू करण्याचा आग्रह होतो. ही औषधं घेतल्याने गाठ पिकायची थांबते, असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आणि लहानग्या यकृतावर मात्र त्यांचा भार पडतो.

गाठ झपाट्याने वाढली, दाबल्यावर आत द्रव हलल्यासारखी लिबलिबीत लागली, वरची कातडी लाल, पातळ, चकचकीत झाली, तर ती पिकली आहे. आता थांबणं ही चूक, आणि चिरा देऊन पू काढून घेणं ही त्याहून मोठी चूक. चिरा दिलेली जागा भरत नाही, महिनोन्महिने वाहत राहते. गाठ आपोआप फुटली तरी हाच त्रास होतो. म्हणून ती फुटण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून सुईने पू ओढून घेणं हा मार्ग बरा. त्याने न भागल्यास शस्त्रक्रियेने अख्खी गाठ काढतात. डॉक्टरांना 'काखेत गाठ आहे' एवढंच सांगू नका, बीसीजी कोणत्या दंडावर आणि कधी दिली तेही सांगा.

लस न दिलेल्या बाजूला, मानेच्या दोन्ही अंगांना किंवा जांघेत गाठी असतील, किंवा गाठीसोबत ताप राहत असेल आणि वजन घटत असेल, तर ते बीसीजीच्या माथी मारून मोकळं होऊ नका. त्याची वेगळी तपासणी लागते.

लस देण्याआधी न सांगितलेल्या गोष्टी

लसीचे जंतू सगळ्या शरीरात पसरणं अत्यंत दुर्मीळ आहे, पण ते जिवावर बेततं. ते बहुधा प्रतिकारशक्तीत जन्मजात दोष असलेल्या किंवा एचआयव्हीबाधित बाळांत घडतं. म्हणून आधीचं एखादं मूल तान्हेपणीच वारंवारच्या संसर्गाने दगावलं असेल, तर ते सांगायचं मनावर घ्या. हे बोलणं आईवडिलांना जड जातं, पण तेवढ्या माहितीवरून डॉक्टर लस थांबवून आधी तपासण्या करू शकतात. आईने गरोदरपणात इन्फ्लिक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतली असतील तर तीही सांगा, कारण ती वारेतून बाळात उतरतात आणि काही महिने टिकतात.

लसीचे जंतू क्वचित हाडातही घर करतात, तेही काही महिन्यांनी किंवा वर्षांनी. मूल विनाकारण लंगडू लागलं तर बीसीजीचा उल्लेख करा. हे जंतू पायराझिनामाइड या क्षयाच्या औषधाला मुळातच दाद देत नाहीत, त्यामुळे औषधयोजना वेगळी करावी लागते. आणखी एक खूण: भरून आलेला वण अचानक लाल होऊन सुजला आणि बाळाला पाचेक दिवस ताप असेल, तर तो कावासाकी आजार असू शकतो. त्यात हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धोका असतो, म्हणून त्याच दिवशी दाखवा.

वण उठला नाही म्हणून पुन्हा लस

सुमारे १० टक्के मुलांना वण येतच नाही. वण नाही म्हणजे संरक्षण नाही, असा अर्थ होत नाही. लस दिल्याची नोंद असेल तर केवळ वणासाठी ती पुन्हा देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१८ चं मार्गदर्शन सांगतं.